परका कोण? टिळकांची 1916 ची भाषणे

युद्धकाळातले राजकीय भाषण एक रेषा ओढते. अलीकडे आपले, पलीकडे परके. ही रेषा वक्ता कुठे ओढतो, हे मी उर्दू-मराठी शिकवताना मुलांना शोधायला सांगते. त्यासाठी आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची 1916 ची भाषणे उपयोगी पडतात.

पहिले महायुद्ध चालू होते. सरकारवर टीका केली की राजद्रोहाचा खटला. मग स्वराज्य मागायचे कसे? टिळकांनी 1914 मध्येच युद्धात सरकारला पाठिंबा जाहीर केला होता. 1 मे 1916 रोजी बेळगावच्या भाषणात त्यांनी सरकारचे दोन भाग केले. अदृश्य सरकार म्हणजे राजसत्ता, दृश्य सरकार म्हणजे नोकरशाही. त्यासाठी निर्गुण आणि सगुण ब्रह्माचा दाखला दिला. कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला तो लगेच कळला. निष्ठा राजावर, तक्रार कारभाऱ्यांची.

महिनाभराने ते अहमदनगरला, म्हणजे निजामशाहीच्या जुन्या राजधानीत बोलले. परकेपणा धर्मात किंवा कातडीच्या रंगात नसतो, हितसंबंधात असतो, असे त्यांनी सांगितले. देशाचे हित पाहणारा मुसलमान असो वा इंग्रज, तो परका नव्हे. इथले मुस्लिम राजे इथेच राहिले, म्हणून ते त्यांना परके म्हणाले नाहीत.

या भाषणांवरून टिळकांकडे 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि 10,000 चे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली: टीका नोकरशाहीवर आहे, सरकारवर नाही. म्हणजे व्यासपीठावरची रेषाच कोर्टात ढाल झाली. नोव्हेंबरमध्ये हुकूम रद्द झाला. डिसेंबरमध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा लखनौ करार झाला.

1890 च्या दशकातल्या टिळकांच्या राजकारणाबद्दल अनेक मुसलमानांच्या मनात अढी आहे. ती निराधार नाही. श्रोत्यांना एकत्र आणायला सोपा शत्रू दाखवणे ही जुनी युक्ती आहे. म्हणूनच नगरचे भाषण मला मोलाचे वाटते. तिथे शेजारी मुसलमानाला पलीकडे ढकलणे सोपे होते. टिळकांनी त्याला अलीकडे घेतले, आणि तरीही सभा जिंकता आली.

आजही युद्धाचे ढग जमले की भाषणे तापतात. तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढेच विचारावे: वक्ता परका कोणाला म्हणतोय, आणि कशावरून? कामावरून की नावावरून?