माशी, शिस्त आणि एक छिद्र

विंचेस्टरच्या १८९४ सालच्या रायफलीत रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर पडते. चापाभोवतीचा लिव्हर खाली ओढला की बोल्ट मागे सरकतो, डागलेले काडतूस वर उडते आणि लिव्हर मिटताना नवे काडतूस नळीत बसते. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीत इतकी रुजली की २००६मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. पण जिथून काडतूस उडते तिथे दुर्बीण कशी बसवणार? बसवायचीच तर ती एका बाजूला सरकवून बसवावी लागे. प्रतिस्पर्धी मार्लिनने १८८९च्या नमुन्यापासूनच काडतूस बाजूने बाहेर काढले होते. विंचेस्टरने ते तिरके काढायला १९८०चे दशक उजाडले. मधल्या काळात विंचेस्टर बाळगणाऱ्याला ज्याचा आधार होता, ती म्हणजे पीप साइट : डोळ्याजवळ बसवलेले, आरपार पाहण्याचे एक छिद्र.

एका अमेरिकन शिकारकथेचा अनुवाद करताना या छिद्रापाशी मी अडकले. कथेतला पन्नाशीचा माणूस वडिलांच्या रायफलीला कोणती पीप साइट लावावी, याचा विचार तीन पाने करतो. एवढा विचार कशासाठी, हे कळल्याशिवाय ती पाने मराठीत येणे शक्य नव्हते.

कारखान्यातून येणाऱ्या रायफलीच्या नळीवर मागे एक खाच असते आणि टोकाला एक मणी. खाच, मणी आणि सावज एका रेषेत आणायचे. अडचण अशी की ही तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तरुण डोळा झरझर एकीकडून दुसरीकडे जातो, त्यामुळे ही अडचण त्याला जाणवत नाही. चाळिशी लागली की जवळची खाच धूसर होते. आपल्या भाषेने चष्म्यालाच वयाचे नाव दिले आहे, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगायला नको.

छिद्रातून पाहिले की दोन गोष्टी घडतात. बारीक छिद्रामुळे जवळचे आणि दूरचे, दोन्ही अधिक रेखीव दिसते. कॅमेऱ्याचे भिंग आवळल्यावर होते तसेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छिद्राकडे मुद्दाम पाहावेच लागत नाही. डोळा आपोआप मणी त्याच्या मध्याशी आणतो, आणि जुळवायच्या तीन गोष्टींच्या दोनच उरतात.

अशी छिद्रे आधीही होती, पण ती चांदमारीच्या मैदानावरची. १८७४मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिकन आणि आयरिश संघांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवरचा सामना झाला आणि अमेरिकन संघ ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या रायफलींवर दस्त्याजवळ उंच पट्टी असे. तिच्यावर बारीक मोजमापाच्या रेघा आणि सुईच्या नेढ्यासारखे छिद्र. भर उन्हात, पडून राहून, सावकाश नेम धरण्यासाठी ते उत्तम. पहाटेच्या जंगलात मात्र त्यातून अंधाराखेरीज फारसे काही दिसत नसे.

कनेटिकट राज्यातल्या मिडलफील्ड गावच्या विल्यम लायमनने १८७९मध्ये आपल्या साइटचे पेटंट घेतले. त्याने छिद्र मोठे केले आणि त्याची कड पातळ केली. भोक मोठे तर नेम ढिला, अशी सर्वसाधारण समजूत. पण मध्य शोधण्याचे काम डोळाच करतो, तेव्हा मोठ्या भोकाने नेमात थोडाच फरक पडतो. प्रकाश मात्र पुष्कळ मिळतो, आणि पातळ कड डोळ्यापुढे जवळजवळ विरून जाते. याच लायमनने वल्हवणाऱ्याला पुढे तोंड करून बसता यावे म्हणून वेगळी वल्हीही बनवली होती. माणसाला जिकडे जायचे तिकडे नीट पाहता यावे, ही एकच खटपट दोन्हींत दिसते.

कथेतल्या माणसापुढचा पहिला प्रश्न जागेचा. दस्त्याच्या मनगटावरच्या पोलादी पट्टीवर साइट बसवली तर ती डोळ्याला सर्वांत जवळ येते, आणि मागची साइट ते मणी हे अंतर सर्वांत लांब होते. हे अंतर १५ इंच असेल तर साइटमधली इंचाच्या शंभराव्या भागाची चूक १०० यार्डांवर सुमारे २.४ इंचांची होते. अंतर २५ इंच असेल तर तीच चूक दीड इंचाच्या आत राहते. पण जोरदार धक्का देणाऱ्या रायफलीवर डोळ्याच्या इतक्या जवळ पोलाद असणे धोक्याचे. म्हणून अनेकजण ती थोडी पुढे, बोल्टच्या पेटीच्या डाव्या अंगाला बसवतात. जुन्या रायफलीला तिथे स्क्रूची भोके नसतात. ती पाडली की संग्राहकांच्या लेखी तिची किंमत उतरते. न पाडावी तर वय झालेल्या डोळ्याला ती निरुपयोगी. कथेतला माणूस सर्वांत जास्त इथे घुटमळतो.

दुसरा प्रश्न भोकाच्या आकाराचा. मैदानासाठी फिरवून बसवायची चकती असते, तिचे भोक दीडएक मिलिमीटरचे. ती काढली की पाचएक मिलिमीटरचे कडे उरते. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. तेव्हा चकती लावणे म्हणजे स्वतःच दिवा मालवणे. हरणे तर नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात.

तिसरी गोष्ट मण्याची. पीप साइट सहसा जुन्या खाचेपेक्षा उंच बसते, म्हणून गोळी वर जाते आणि पुढचा मणीही उंच घ्यावा लागतो. हे मागाहून करायचे काम नाही.

आता शब्दांकडे. पुढच्या मण्याला मराठीत माशी म्हणत, हिंदीत मक्खी, फारसीत मगसक, रशियनमध्ये मुश्का. सगळ्या माश्याच. जर्मनांनी मात्र त्याला दाणा म्हटले. नेम धरण्यासाठी फारसीतून आलेला शब्द शिस्त. एनसीसीच्या हिंदी शिकवणीत आजही ‘शिस्त लेना’ म्हणतात. मराठीतही बंदुकीच्या जुन्या भाषेत तो नेमाचाच शब्द होता. आज तो शाळेत आणि घरात वागण्याला लावला जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातली शिकार जवळजवळ संपवली, आणि ते योग्यच झाले. पण त्यासोबत शिकारीची भाषाही वापरातून गेली. अनुवादात मी माशी ठेवली आणि पीप साइटला शिस्तीचे छिद्र म्हटले. वाचकाला आधी वळण लावण्याची शिस्त आठवेल, हे मला ठाऊक आहे. त्या तीन पानांत तो अर्थही चालतो.

कारण एवढ्या विचारामागे आहे ते जखमी होऊन पळणारे हरीण. ज्या फुप्फुसांवर आणि काळजावर नेम धरायचा तो भाग बशीएवढा. गोळी चार इंच मागे गेली की जनावर पोटात घाव घेऊन पळते आणि कुठेतरी झाडीत रात्रभर मरत राहते. साइटने रायफलीचा पल्ला वाढत नाही, माणसाचे डोळेही तरुण होत नाहीत. म्हणून कथेतला माणूस अखेरीस भोके पाडून घेतो, चकती काढून खिशात ठेवतो, मणी बदलतो. मग हंगामाच्या आधी कागदाच्या निशाणावर गोळ्या झाडत बसतो. १०० यार्डांपलीकडे त्या बशीबाहेर जाऊ लागतात, तेव्हा त्यापलीकडच्या हरणावर चाप ओढायचा नाही, हे तो ठरवून टाकतो.