जुन्नरची लेणी आणि मरू पाहणाऱ्याची शुश्रूषा

जुन्नरास जाणारा यात्रेकरू लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, गिरिजात्मजाचे दर्शन घेतो आणि चैत्यगृहाच्या स्तंभांवर दृष्टी टाकून परततो. शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री या परिसरात मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. नहपानाचा अमात्य अयम आणि इरिल, चिट, चंद हे यवन यांची दाने तेथील शिलालेखांत नमूद आहेत. दात्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या खोल्यांतून राहणारे भिक्षू कोणत्या नियमांनी बांधलेले होते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यांतील एक नियम आम्हांस आज विशेष मननीय वाटतो.

भिक्षूस संघातून कायमचे घालविणारे अपराध चार. त्यांतील तिसरा मनुष्यवधाचा. सर्व उपलब्ध विनयग्रंथांत तो आहे. पाली विनयातील त्याची कथा अशी : वैशालीस बुद्धांनी भिक्षूंस देहाच्या अशुचित्वाचे चिंतन शिकविले आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. त्या चिंतनाने किळस येऊन कित्येकांनी आपले जीवित संपविले. परतल्यावर संघ विरळ का दिसतो, असे त्यांनी आनंदास विचारले. हकीकत कळताच त्यांनी श्वासावर चित्त ठेवण्याचा निराळा मार्ग शिकविला. त्या कृत्याचा निषेध त्यांनी केलाच. परंतु आधी उपाय बदलला, मग नियम घातला.

हा नियम प्रत्यक्ष वधापुरताच नव्हता. मरू पाहणाऱ्यास हत्यार मिळवून देणे किंवा त्याच्यापुढे मरणाची स्तुती करणे, हाही तोच अपराध. एका आजारी भिक्षूपुढे सोबत्यांनी केवळ करुणेपोटी मरण वाखाणले व तो मेला. तेही दोषी ठरले. उलट जो स्वतःच जिवावर उठला, त्याचा दोष मात्र हलका मानला गेला. भार रोग्यावर नव्हे, तर त्याच्याशी बोलणाऱ्यावर ठेवलेला आहे. महावग्गात शुश्रूषेचा हा करार दोन्ही बाजूंनी सांगितला आहे : रोग्याने आपले दुखणे हितचिंतक शुश्रूषकास जसेच्या तसे सांगावे, शुश्रूषकाने किळस न करता, लोभ न धरता सेवा करावी आणि वेळोवेळी धर्मकथेने त्याचे मन प्रसन्न करावे.

१८६०च्या दंडसंहितेने हे पारडे फिरविले. कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शके. मग वाचलेला रोगी वैद्यास खरे कसे सांगणार? ‘चुकून औषध पोटात गेले’ असेच तो म्हणणार, आणि कारण न कळल्यामुळे पुढचा उपचार खुंटणार. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या शुश्रूषेचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते सरसकट कलम राहिले नाही.

कायदा बदलला म्हणून जिव्हा मोकळी होतेच असे नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. अशा आघातातून मागे राहिलेल्यास ‘धीर धर’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. त्याचे ऐकून घेण्यास बसत नाही. या दोन्ही तालुक्यांत द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिकतो आणि कीटकनाशक घरातच हाताशी असते. ते कुलपात ठेवणे, हा हत्यार न पुरविण्याच्या जुन्या नियमाचाच आजचा अर्थ होय. २०२२ पासून शासनाने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळण्याची सोय केली आहे. तथापि तो क्रमांक फिरविण्यापूर्वी घरातील कोणा एकाने न रागावता, न लाजविता ‘जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते काय?’ असे सरळ विचारावे लागते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. लेण्यांतील त्या अरुंद खोल्यांत राहणाऱ्यांस एकमेकांपासून दुखणे लपविण्यास जागा थोडीच होती. आमच्या प्रशस्त घरांत ती फार आहे.