चंद्रभागेचे वाळवंट

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळापासून वारकऱ्यांचे मेळे ज्या वाळवंटात जमत आले, ते वाळवंट मनुष्याने केलेले नाही. ते नदीने घातलेले आहे, आणि दर पावसाळ्यात मोडून ती ते नव्याने घालत आली आहे.

भीमेचा उगम सह्याद्रीत भीमाशंकर येथे. पंढरपूरचा मुलूख कमी पावसाचा; परंतु घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की पूर पंढरीस येतो. तुळापूर येथे इंद्रायणी भीमेस मिळते, म्हणजे देहू-आळंदीचे पाणीही पंढरीच्याच वाटेने निघते. पुढे नीरा-नरसिंहपूर येथे नीरा मिळते.

पुराच्या पाण्यास बळ असते. ते तळ खरवडते व वाळू-गोटे पुढे नेते. वळणाच्या बाहेरील अंगास धार आपटून काठ तुटतो व डोह पडतो. आतील अंगास पाणी संथ, म्हणून तेथे वाळू साचते. पावसाळा सरून पाणी ओसरले की आधी जाड वाळू, मग बारीक वाळू व अखेरीस गाळ खाली बसतो. यामुळेच पात्राचा आकार सालोसाल जुळत नाही. पात्रातील भक्त पुंडलिकाचे मंदिर पुरात पाण्याने वेढले जाते आणि उन्हाळ्यात वाळूत उभे दिसते.

सन १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. शेतीस पाणी मिळाले, हा मोठाच लाभ झाला. तथापि वरून येणारी वाळू धरणात अडू लागली. त्यातच पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाला. पूर्वी पडलेले खड्डे पुढचा पूर बुजवीत असे. आता वाळूच कमी येत असल्याने ते लवकर भरत नाहीत. अशा खड्ड्यांत स्नानास उतरलेल्या भाविकांना प्राण गमवावे लागले आहेत. धरण झाले म्हणून पूर मात्र संपले नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये उजनी व नीरेवरील वीर धरणातून पाणी सोडल्यावर चंद्रभागेने आपले सारे पात्र पुन्हा व्यापले.

नदीकाठच्या प्रत्येक गावाने यातून बोध घ्यावा. नदीची जागा नदीस ठेवावी व वाळू राखावी. मंदिर जीर्ण झाले तर दानशूरांच्या वर्गणीतून ते पुन्हा उभे करता येते. वाळवंट वर्गणीतून होत नाही. ते नदीनेच घालावे लागते.