कलाव्यवस्थापनात पीएच.डी. : आधी विद्याशाखा, मग अर्ज

नाट्यसंस्थांचे अर्थकारण, संगीत मंडळांची सभासद वर्गणी, कलादालनांचे प्रशासन अशा विषयांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांना पहिली अडचण येते ती विषयाच्या नावाची. ‘नेट’ परीक्षेच्या विषयसूचीत व्यवस्थापन, संगीत, नृत्य-नाट्यादी प्रयोगकला, दृश्यकला आणि संग्रहालयशास्त्र हे विषय आहेत, ‘कलाव्यवस्थापन’ नाही. त्यामुळे उमेदवाराला यांपैकी एका दारानेच आत यावे लागते. हा निर्णय चुकल्यास पात्रता असूनही मार्गदर्शक मिळत नाही आणि उमेदीची वर्षे वाया जातात.

शैक्षणिक पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश घ्यायचा असल्यास ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर), दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत मिळू शकते. एम.फिल. अभ्यासक्रम याच विनियमांनी बंद झाला. संगीत संस्थांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनी त्या परीक्षांची समकक्षता संबंधित विद्यापीठाकडून आधीच लेखी विचारून घ्यावी. रंगमंचावरील किंवा आयोजनातील अनुभव कितीही मोठा असला, तरी तो पदवीची जागा घेत नाही.

प्रवेश परीक्षा व मुलाखत

प्रवेश ‘नेट’च्या आधारे किंवा विद्यापीठाच्या स्वतंत्र परीक्षेद्वारे होतो. स्वतंत्र परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्यांना मुलाखतीच्या आधारे प्रवेश मिळतो. २०२४ पासून ‘नेट’मध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठीही पात्र ठरता येते. मात्र ते गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात.

विद्याशाखा कशी निवडावी?

१९१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गंधर्व नाटक मंडळी’च्या कर्जबाजारीपणाचे उदाहरण घेता येईल. नाट्यविभागात हा रंगभूमीच्या इतिहासाचा विषय होईल. व्यवस्थापन विभागात भांडवल, निर्मितीखर्च आणि कर्जफेड यांचा. आपला मूळ प्रश्न कोणत्या बाजूचा आहे, आपली पदव्युत्तर पदवी त्या विभागाला मान्य आहे का आणि तेथे त्या विषयाचा मार्गदर्शक आहे का, या तीन गोष्टी पडताळूनच परीक्षेचा विषय ठरवावा. दुसऱ्या विभागातील किंवा संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा विनियमांत आहे. दोन्ही बाजूंना स्पर्श करणाऱ्या विषयासाठी ती सोय महत्त्वाची ठरते.

मार्गदर्शकाची उपलब्धता

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. कला विभागांत मुळातच अध्यापकसंख्या मोजकी असते. म्हणून अर्जापूर्वी रिक्त जागांची चौकशी करणे श्रेयस्कर.

नोकरदार उमेदवार

नाट्यगृह, वृत्तपत्र किंवा सांस्कृतिक संस्थेत काम करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी मालक संस्थेचे नाहरकत प्रमाणपत्र हवे. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, असा उल्लेख त्यात असावा लागतो. दूरशिक्षण वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी.ला मान्यता नाही.

प्रवेशानंतर

किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाल्यावरच प्रबंधाचे काम पुढे सुरू ठेवता येते. किमान कालावधी तीन, तर कमाल सहा वर्षांचा असतो. फेरनोंदणीने दोन वर्षे वाढू शकतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

विद्यापीठे या चौकटीत स्वतःचे नियम करतात. त्यामुळे अंतिम अटी त्या त्या विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातूनच पाहाव्यात.