पलूस परिसरातील वर्षाची बेगमी

सुगीत घरी आलेले धान्य आणि उन्हाळ्यात केलेले वाळवण यांच्या जोरावर पुढची सुगी गाठायची, या घरगुती व्यवस्थेला बेगमी म्हणतात. पलूस, कुंडल, भिलवडी, अंकलखोप या कृष्णाखोऱ्यातल्या पट्ट्यात स्वयंपाकाचे नियोजन पिढ्यान्‌पिढ्या याच नावाने चालले. आज काय करायचे, हा प्रश्न त्यात फारसा नव्हताच. भाकरी, कालवण आणि चटणी ठरलेलीच असे. हिशेब असे तो साठ्याचा: खाणारी तोंडे किती, पाहुणे-रावळे किती, बलुतेदारांचा वाटा किती, बियाण्याला किती राखायचे आणि हे सगळे वजा जाता उरलेले पुढच्या खळ्यापर्यंत पुरेल का.

या हिशेबाचा पाया शाळू. काळ्या रानात पावसाळा सरताना पेरलेली ही रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येई आणि वर्षभराची भाकरी तिच्यावरच अवलंबून असे. धान्य मापाने मोजले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रोजच्या दळणाला किती काढायचे हे घरातल्या थोरल्या बाईला या मापांतच ठाऊक असे. दशमान वजनेमापे १९५८ नंतर आली, तरी खेड्यातल्या बोलण्यातून पायली लवकर गेली नाही.

साठवणुकीच्या जागा धान्याच्या प्रमाणावर ठरत. थोडे धान्य मडक्यांच्या उतरंडीत राही. त्याहून जास्त असेल तर ते शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जाई. मोठ्या वाड्यांत भिंतीतच बळद असे आणि ज्यांच्याकडे धान्य भरपूर, त्यांच्याकडे जमिनीखाली पेव. पेवात हवा जात नसल्याने कीड जगत नाही, म्हणून धान्य बरीच वर्षे टिके. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी अशी पेवे व्यापारी प्रमाणावर वापरात होती. घरातल्या कणगीत मात्र धान्य भरण्यापूर्वी कडक ऊन द्यावे लागे. मग थराथरांतून कडुनिंबाचा वाळला पाला किंवा राख मिसळली जाई, कडधान्याला एरंडेल तेलाचा हात लावला जाई. पीठ मात्र कधीच साठवले जात नसे. जुन्या पिठाची भाकरी थापतानाच तुटते. त्यामुळे धान्य वर्षाचे आणि दळण एक-दोन दिवसांचे अशी विभागणी आपोआप झाली. पहाटेचे जाते हा या नियोजनातला सर्वांत कष्टाचा भाग होता. त्या कष्टाचे कौतुक पुढच्या काळातल्या लेखनात पुष्कळ झाले, पण गावात पिठाची गिरणी आल्यावर जाते सोडायला बायकांनी वेळ लावला नाही.

चैत्रापासून मृग लागेपर्यंतचा काळ वाळवणाचा. या कामाला क्रम होता आणि तो उन्हाने ठरवलेला होता. आधी मिरच्या वाळवून चटणी. सांगली-सातारा-कोल्हापूर भागातल्या कांदा-लसूण चटणीत मिरचीबरोबर सुके खोबरे, धने, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण आणि मीठ एकत्र कुटले जाते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी असे मिश्रण प्रत्येक घर आपापल्या जिभेप्रमाणे ठरवते. ही चटणी बरणीत दाबून, हिंगाचे खडे घालून ठेवली की कालवणाची निम्मी तयारी वर्षभरासाठी झालेली असते. घाईच्या दिवशी फोडणी, पाणी आणि ही चटणी एवढ्यावर आमटी उभी राहते.

मग कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून सत्त्व काढायचे, निवळू द्यायचे आणि त्याचा चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पाडायचा. एकट्या बाईचे हे काम नव्हे. आज एकीच्या दारात, उद्या दुसरीच्या अंगणात असे सावड पद्धतीने ते चाले. त्यामुळे वाळवणाचे वेळापत्रक एका घराचे नसून आळीचे असे. शेवया, पापड, भरडलेल्या डाळींचे सांडगे, मीठ लावून केलेले चिंचेचे गोळे हेही याच दिवसांत होई. पावसाळ्यात रानात भाजी नसते आणि बाजाराची वाट चिखलात असते, तेव्हा सांडग्यांची आमटी ताटात येई.

ही परंपरा फार जुनी असली तरी तिच्यातले सगळेच पदार्थ जुने नाहीत. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. साबुदाण्याचा भारतातला उद्योग तर तमिळनाडूतल्या सेलममध्ये १९४०च्या दशकात उभा राहिला, म्हणजे उपवासाच्या पापड्या घराघरांत पोचल्या त्या त्यानंतर.

बेगमीच्या जोडीला घड्याळाचा स्वयंपाक आला तो कारखान्याबरोबर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जमिनीवर, कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसवली. पाळीच्या वेळेला डबा तयार हवा, महिन्याच्या पगारावर वाणसामान भरायचे, ही शिस्त पगारदार घरांत रुजली. शेतकऱ्याची बेगमी सुगीवर चाले, कामगाराची यादी एक तारखेवर. याच वाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले आणि घरकाम हा छापील चर्चेचा विषय झाला. भिलवडीत १९३९ साली चितळ्यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. विरजण आणि तुपाच्या रूपाने घरात साठणाऱ्या दुधाला रोजचे गिऱ्हाईक मिळाले.

पुस्तकी नियोजनाचा मोठा टप्पाही कुंडलशी जोडलेला आहे. १९१३ साली तिथे जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रमाण दिले होते वाटी आणि चमच्याने, त्यामुळे सासूच्या हाताखाली न शिकलेल्या मुलीलाही अंदाज चुकण्याची भीती राहिली नाही. ‘आज काय करायचे’ हा प्रश्न मराठी घरात ठळक होत गेला तो याच काळात, आणि त्याचे उत्तर आता कणगीऐवजी पुस्तकात शोधता येऊ लागले.

लगेच आलेल्या १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्रात कणग्या रिकाम्या केल्या. दुष्काळी कामांवरची सुकडी आणि रेशनची परदेशी मिलो ज्वारी यांवर लोकांनी दिवस काढले. त्याच्या आगेमागे कालव्याच्या आणि उपसा सिंचनाच्या पाण्यावर ऊस वाढला, द्राक्षबागा आल्या. शाळूचे रान घटले आणि धान्य पिकवणारे घर धान्य विकत घेऊ लागले. उसाचे बिल हप्त्याने येते, बाजार आठवड्याला भरतो. बेगमीचे एकक वर्षावरून आठवड्यावर आले ते मुख्यतः यामुळे. फ्रिजला त्याचे श्रेय उगाच दिले जाते, तो नंतर आला.

साठवणुकीचा धोका कृष्णेच्या पुरांनी दाखवला. २००५च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळद गेली. ऑगस्ट २०१९च्या पुरात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ या गावांतल्या घरांत भरून ठेवलेले धान्य भिजून कुजले.

सध्या या भागात दोन्ही पद्धती एकाच घरात नांदतात. भाजी आठवड्याची, निवडून-चिरून डब्यांत. पीठ गिरणीतून चार-आठ दिवसांचे. कुरडया-पापड बचत गटांकडून किलोवर विकत घेतले जातात. चटणी मात्र अजून वर्षाचीच होते. उन्हाळ्यात मिरची कांडप यंत्रांसमोर रांगा लागतात आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांचा वाटा त्याच कुटण्यात धरलेला असतो.