डालड्यापासून रोडियमपर्यंत

भूम तालुका खव्याच्या भट्ट्यांचा. कुंथलगिरीचा पेढा ज्यानं खाल्ला आहे, त्याला इथल्या दुधाबद्दल वेगळं सांगायला नको. अशा मुलखात डालडा कसा शिरला, हे आबा रंगवून सांगायचे. हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर कधीतरी बार्शीच्या बाजारातून ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा डबा घरी आला. "तेलाला तुपाचं सोंग दिलंय, दुसरं काय!" असं म्हणत पणजीनं तो चुलीजवळ येऊ दिला नाही. त्यानं डोळे जातात, अशी आवईही उठली होती. पण लग्नाच्या पंगती वाढत गेल्या, तूप परवडेना, आणि बुंदी डालड्यातच तळली जाऊ लागली. रिकाम्या डब्यात तुळस मात्र पणजीनंच लावली.

ते सोंग फ्रान्समधल्या तुलूज शहरातून आलं होतं. तिथं पॉल साबातिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलच्या बारीक भुकटीवरून हायड्रोजन आणि एथिलीन सोडलं. दोन्ही वायू एकमेकांना जोडले गेले, निकेल होतं तसंच राहिलं. पातळ तेलावर हीच युक्ती चालवण्याचं पेटंट १९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी मागितलं आणि तेल गोठू लागलं. १९१२ चं नोबेल साबातिए आणि व्हिक्टर ग्रीन्यार यांना विभागून मिळालं. एकाचं काम उत्प्रेरकांचं, दुसऱ्याचं धातू आणि कार्बन यांच्या थेट बंधाचं. पुढं या दोन वाटांची एकच शाखा झाली. अशा गोठवलेल्या तेलाचा, म्हणजे वनस्पती तुपाचा कारखाना मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये निघाला. 'डालडा' हे नाव आलं १९३७ मध्ये.

आमचे मास्तरकाका शाळेत विज्ञान शिकवायचे. तुपात भेसळ असल्याचा संशय आला की लोक वाटी घेऊन त्यांच्याकडे यायचे. काका तूप पातळ करून परीक्षानळीत ओतत, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालत, नळी जोरात हलवत आणि उभी ठेवत. वर तुपाचा थर, खाली आम्लाचा. खालचा थर गुलाबी झाला की डालडा सापडला! वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती सरकारनं केली होती ती याचसाठी, कारण रंग चढतो तो तिळामुळं. बाउडोइन चाचणी ती हीच. वर तेल, खाली पाणी, आणि जे घडायचं ते दोघांच्या भेटीत, हे मी त्या नळीतच पहिल्यांदा पाहिलं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढं नेमका हाच भेटीचा प्रश्न सुटला. निकेल गाळून काढता येतं. रोडियम हा अतिशय महाग धातू मात्र काही क्रियांत उत्प्रेरक म्हणून द्रवात विरघळवूनच वापरतात, मग तो परत मिळवायचा कसा? जर्मनीत ओबरहाउझेनच्या कारखान्यानं १९८४ पासून तो पाण्यात विरघळवून ठेवला. पदार्थ वरच्या थरात, धातू खालच्या. प्रोपिलीनसारख्या लहान रेणूंसाठी हे उत्तम चाललं. ऑक्टीनसारखे लांब रेणू पाण्यात उतरतच नाहीत, त्यामुळं क्रिया रेंगाळे.

रघुनाथ चौधरी, भालचंद्र भानगे, राज देशपांडे आणि फ्रान्सचे आंरी देल्मास यांनी तेलाच्या थरात ट्रायफिनाइलफॉस्फीन घातलं. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, पण रोडियमला धरतो. वरून त्यानं हात दिला, खालून धातू आला, आणि दोन्ही थरांच्या सीमेवर क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढला. फेब्रुवारी १९९५ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. चौधरी पुढं अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात गेले. भानगे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

साबातिएंचं नाव आपल्या मुलांना पुस्तकात भेटतं, या पुणेकर कामाचं भेटत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. धाराशिव, कळंब, भूमच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आधी बाउडोइन चाचणी मुलांच्या हातून करून घ्यावी आणि लगेच दुसऱ्या तासाला ती तीन पानं त्यांच्यासोबत वाचावीत.