बेळगावचे सायकलचे दुकान

मराठीच्या वर्गात ‘किर्लोस्कर’ हे आडनाव दोन वेळा येते. पहिल्यांदा १८८२ च्या ‘संगीत सौभद्र’बरोबर अण्णासाहेबांचे, आणि दुसऱ्यांदा नियतकालिकांच्या प्रकरणात. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही तीन नावे फळ्यावर लिहून आम्ही स्त्रीसुधारणा, विज्ञाननिष्ठा, मध्यमवर्गाची जडणघडण असे मुद्दे सांगतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ही मासिके नांगर ओतणाऱ्या कारखान्याच्या आवारात का निघाली, असा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तो पुष्कळ उशिरा विचारला. त्याचे उत्तर शोधत मागे गेले की आपण बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानाशी येऊन थांबतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अण्णासाहेबांचे जन्मगावही हेच. चित्रकार व्हावे म्हणून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवहार सुरू झाला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या व बेळगावला पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी ही विभागणी. दुकानाचे नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

हे साल नीट पाहावे. सायकलीच्या हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट आयर्लंडमधल्या डनलॉपने घेतले तेही १८८८ मध्येच. म्हणजे आपल्याला परिचित असलेली सायकल तेव्हा विलायतेतसुद्धा नुकती आकार घेत होती. बेळगावात तर ती घेणाऱ्याला चालवता येत नसणार, आणि मोडली तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसणार. अशा ठिकाणी नुसते दुकान चालत नाही. आधी गिऱ्हाईक घडवावे लागते. सायकल शिकवण्याची फी १५ रुपये होती असे सांगतात. हा आकडा लक्ष्मणरावांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. विकणे, शिकवणे आणि दुरुस्त करणे ही तीन कामे या दुकानात एकाच छपराखाली आली. आमच्या मते पुढचा सारा विस्तार या तिहेरी कामाचा आहे, सायकलीचा नव्हे.

लक्ष्मणरावांना डावलून बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला आले. इथपर्यंतची जवळजवळ नऊ वर्षे दुकानात बसले होते ते रामूअण्णा. चरित्रपर लेखनात मात्र नायक एकच असतो. पुतणे शंकर वासुदेव ऊर्फ शं. वा. किर्लोस्कर यांनी लिहिलेल्या चरित्राचे नावच ‘यांत्रिकाची यात्रा’ आहे. यात्रेला निघालेला दिसतो. दुकान उघडे ठेवणारा तितका दिसत नाही. पाटीवर ‘ब्रदर्स’ असे अनेकवचन असताना इतिहासाने एकवचन का पत्करावे, हे आम्हाला खटकते. किर्लोस्करवाडीच्या उभारणीत आखणी आणि व्यवस्था पाहणारे म्हणून रामूअण्णांचा उल्लेख होतो. ते गुण बेळगावच्या त्या वर्षांत, उधारी-वसुली सांभाळताना अंगी मुरले असावेत, असा तर्क करण्यास हरकत नसावी.

पुढे दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना आला. कडबा कापण्याची यंत्रे झाली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. (याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत राइट बंधूंचे विमान उडाले. त्यांचाही धंदा सायकलींचाच, भाऊही दोन. योगायोग म्हणून सोडून द्यावा.) लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. शेतकऱ्याला अडाणी ठरवून ही गोष्ट सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हाला पटत नाही. ज्याचे वर्ष एका नांगरटीवर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराला दोन वर्षे दारात उभे ठेवणे यात शहाणपणच आहे. विकणाऱ्याने काय केले हे अधिक महत्त्वाचे, आणि ते सायकलीच्या वेळी केले होते तेच होते: चालवून दाखवायचे, समजावून सांगायचे, मोडले तर पुन्हा हाती घ्यायचे.

बेळगाव नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी जागा सोडायला सांगितली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा दिली. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. सायकल तोवर मागे पडली होती. वाढ झाली म्हणतो त्या गोष्टीत, जिच्यापासून आरंभ झाला ती वस्तू सोडून देणेही होते, हे सहसा कोणी लिहीत नाही.

१९२० मध्ये शं. वां.नी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. ते स्वतः चित्रकलेकडून आलेले, काकांसारखेच. आरंभी हे कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारे पत्र होते. नांगर कसा धरावा, कसा जपावा, हे सांगता सांगता ते घर कसे असावे, बायकांनी काय वाचावे, कोणत्या रूढी टाकाव्यात इथपर्यंत गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. या मासिकांच्या उपदेशपर सुराबद्दल आपण परीक्षेत प्रश्न काढतो. तो सूर कुठल्या पाश्चात्त्य नियतकालिकाच्या अनुकरणातून आला का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहेच. पण त्याआधी विद्यार्थ्यांना ती १५ रुपयांची शिकवणी सांगावी. बेळगावात आता किर्लोस्कर रोड आहे. रामूअण्णा तिथेच कुठेतरी नव्या गिऱ्हाइकाच्या सायकलीची बैठक धरून मागून धावत असतील, असे आम्हाला वाटत राहते.